तुरुंगातून सुटल्यानंतरचा संसार : पैशाची घडी पुन्हा कशी बसवावी

शिक्षण, नोकरी, व्यसनमुक्ती, विवाहातील अनाठायी खर्च या विषयांवर आपल्या स्मरणिकांतून आजवर पुष्कळ लेखन झाले आहे व ते व्हावयासच हवे. परंतु आपल्या वस्त्यांत एक वर्ग असा आहे की, ज्याच्याविषयी आपण सभेत बोलत नाही आणि घरी कुजबुजतो. हा वर्ग म्हणजे तुरुंगातून सुटून आलेल्या बांधवांचा. सुटून आलेल्या माणसाने चांगले वागावे असा उपदेश त्याला सर्वजण करतात. मात्र उद्या सकाळी त्याच्या घरी चूल कशी पेटणार, या प्रश्नाचे उत्तर कोणीच देत नाही. आम्ही बँकेत लिपिक आहोत. कला शाखेचे पदवीधर असल्याने अर्थशास्त्राचे पंडित नाही; पण वीस वर्षे काउंटरवर बसून लोकांच्या पैशाची उठाठेव जवळून पाहिली आहे. त्या अनुभवाच्या आधारे सदर लेखात काही व्यवहारी गोष्टी मांडत आहोत.

आमच्या हातून घडलेली चूक

प्रथम आमचीच एक चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत एक गृहस्थ पासबुक घेऊन आले. खाते बंद पडलेले होते. महिनाअखेरची गर्दी, मागे रांग लागलेली. आम्ही नेहमीच्या वरच्या आवाजात विचारले, "अडीच वर्षे खात्यावर काहीच व्यवहार नाही. होतात कुठे?" गृहस्थ काही बोलले नाहीत. रांगेतील दोघेतिघे वळून पाहू लागले. त्यांनी पासबुक उचलले आणि ते निघून गेले. त्या खात्यात सहा हजार तीनशे चाळीस रुपये होते.

सहा महिन्यांनी त्यांची पत्नी शाखेत आली तेव्हा सर्व हकीकत समजली. ते अडीच वर्षे कच्चे कैदी म्हणून आत होते आणि न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले होते. बँकेतून तसेच परत गेल्यावर त्यांनी भाजीच्या हातगाडीसाठी वस्तीतल्या एका सावकाराकडून वीस हजार रुपये घेतले, महिना शेकडा दहा दराने. सहा महिन्यांत बारा हजार रुपये व्याज भरले आणि मुद्दल वीस हजार जिथल्या तिथे राहिले. शेवटी सावकाराने गाडी ओढून नेली. अकरावीत शिकणारी मुलगी शाळा सोडून धुणीभांडी करू लागली. आणि त्यांचे स्वतःचे सहा हजार रुपये आमच्या बँकेत स्वस्थ पडून होते. एका प्रश्नाची किंमत त्या घराने काय मोजली, याचा हिशेब आम्हांला आजही बेचैन करतो.

प्रश्न किती मोठा आहे

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ हे न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्यांच्यावरील गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे होते. चार बंद्यांमागे तीन असे हे प्रमाण पडते. म्हणून "तुरुंगात गेला म्हणजे गुन्हेगार" हे समीकरण आपण प्रथम डोक्यातून काढून टाकले पाहिजे. आणि ज्याला शिक्षा झाली व ज्याने ती भोगली, त्याचे देणे कायद्याच्या दृष्टीने फिटले. त्यानंतर समाजाने निराळी शिक्षा देण्याचे कारण नाही.

पैसा जातो कोठे

अटकेच्या दिवसापासून घराला गळती लागते. कमावता हात थांबतो. वकिलाची फी, न्यायालयाच्या खेपा, तुरुंगातील भेटीचा प्रवास, आतील कँटीनसाठी पाठवावी लागणारी रक्कम, हा खर्च मात्र वाढत जातो. मंगळसूत्र गहाण पडते, बचत गटाचा हप्ता थकतो, भाडे तुंबते. आत काम मिळाले तर मजुरी मिळते खरी. शिक्षाबंद्यांना कामाचा न्याय्य मोबदला दिला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली दिला. परंतु बाहेरच्या मजुरीच्या मानाने ती रक्कम फारच थोडी असते आणि तिच्यावर घर चालत नाही. म्हणून सुटणारा माणूस शून्यावर उभा नसतो, तो शून्याच्या खाली उभा असतो, ही गोष्ट घरच्यांनी व स्वतः त्यानेही प्रथम मान्य करावी.

पहिला आठवडा : कागद गोळा करणे

सुटकेच्या वेळी आपली वैयक्तिक रोख, मजुरीची शिल्लक व जमा केलेल्या वस्तू मोजून घ्याव्यात आणि सुटकेचा दाखला जपून ठेवावा. निर्दोष सुटका झाली असेल तर निकालाची प्रमाणित प्रत काढून ठेवावी. पुढे नोकरीच्या वेळी ती लागते. त्यानंतर पुढील क्रमाने कामे करावीत.

(१) मोबाईल क्रमांक : सलग नव्वद दिवस वापर नसला तर सिमकार्ड बंद होऊ शकते व तोच क्रमांक पुढे दुसऱ्यास दिला जाऊ शकतो. आपल्या खात्याचे निरोप व गुप्त क्रमांक परक्या माणसाच्या हाती जाणे धोक्याचे आहे. म्हणून नवा क्रमांक घेऊन तो आधी आधारला व मग बँकेत नोंदवावा.

(२) पॅन : आधारशी न जोडलेले बहुतेक पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले. तुमचे पॅन त्यात असेल तर ठरलेले शुल्क भरून ते पुन्हा चालू करता येते.

(३) रेशनकार्ड : कार्डावर नाव आहे का, अंगठ्याची पडताळणी झाली आहे का, हे दुकानात जाऊन पाहावे. नाव कमी झाले असेल तर तहसील अथवा शिधावाटप कार्यालयात अर्ज द्यावा. अन्न सुरक्षा कायदा २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबास माणशी महिना पाच किलो धान्य मिळते. पगार सुरू होण्याआधीच्या दिवसांत हाच सर्वांत मोठा आधार ठरतो.

(४) जातीचा दाखला : बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्या सवलती १९९० सालच्या दुरुस्तीने मिळाल्या. कर्ज-अनुदानाच्या योजनांसाठी दाखला लागतो. तो घरात नसेल तर याच वेळी काढावा.

(५) रोख जामीन : ज्यांनी न्यायालयात रोख रक्कम भरून जामीन घेतला होता, त्यांना खटला निकाली निघाल्यावर ती रक्कम परत मागता येते. पावती घेऊन न्यायालयात अर्ज करावा लागतो. आपले कितीतरी लोक हा अर्ज करीतच नाहीत, कारण न्यायालयाची पायरी पुन्हा चढण्याचे त्यांच्या जिवावर येते. परंतु पैसा आपला आहे, तो सोडू नये.

बँकेचे खाते

दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय होते. निष्क्रिय झाले म्हणजे पैसा बुडाला, असा समज आहे. तो चुकीचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांनुसार असे खाते पुन्हा चालू करण्यासाठी बँकेला शुल्क घेता येत नाही, निष्क्रिय खात्यात किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता येत नाही आणि बचत खात्यावरील व्याज चालूच राहते. ओळखीची व पत्त्याची कागदपत्रे त्याच बँकेच्या कोणत्याही शाखेत देता येतात. दहा वर्षे पडून राहिलेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जाते. तरीही ती मूळ बँकेकडे अर्ज करून परत मिळते.

ज्यांचे खातेच नाही त्यांनी जन-धन योजनेखाली शून्य शिल्लकीचे खाते उघडावे. ही योजना २०१४ पासून आहे. कागदपत्रे पुरी नसतील तर फोटो देऊन व अधिकाऱ्यासमोर सही अथवा अंगठा करून "छोटे खाते" उघडता येते. त्यात शिल्लक पन्नास हजारांहून अधिक व महिन्यात काढलेली रक्कम दहा हजारांहून अधिक असू नये, असे बंधन आहे. फार थोड्यांना ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे, तुरुंगात असतानाही असे खाते उघडता येते. तुरुंगाधिकाऱ्यासमोर सही घेऊन त्याने ती प्रमाणित करावी, अशी तरतूद रिझर्व्ह बँकेच्या नियमांतच आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही काउंटरमागे बसणारे म्हणून निक्षून सांगतो. खाते उघडण्याच्या अर्जात "तुरुंगवास झाला होता काय" असा रकाना नाही. तेव्हा लाजण्याचे, लपण्याचे काही कारण नाही. कोणी कर्मचाऱ्याने तसे विचारलेच तर व्यवस्थापकाकडे जावे. त्या दिवशी आमच्या समोरच्या गृहस्थांनी व्यवस्थापकाकडे जावयास हवे होते. परंतु त्याहूनही आधी आम्ही तो प्रश्न विचारावयास नको होता.

जुने देणे

आत असताना थकलेली सर्व देणी एका वहीत लिहून काढावीत : कोणाचे, किती, व्याज किती, तारण काय. मग क्रम लावावा. ज्याच्यापायी राहते घर अथवा कामाचे हत्यार जाईल ते देणे प्रथम. ज्याचे व्याज सर्वांत जबर ते दुसरे. बँकेचे विनातारण कर्ज त्यानंतर. नातेवाइकांचे बिनव्याजी देणे शेवटी. परंतु त्यांना स्वतः जाऊन भेटावे व कधी देणार ते सांगावे. न सांगितल्याने नाते तुटते आणि अडीअडचणीला तेच नाते उपयोगी पडते.

बँकेचे कर्ज थकले असेल तर शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा, सुटकेचा दाखला जोडावा व हप्ते पाडून मागावेत. मागणी नेहमी मंजूर होतेच असे नाही. पण तोंड चुकविणाऱ्यापेक्षा समोर येणाऱ्याचे काम लवकर होते, हे आम्ही अनुभवाने सांगतो. पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा आपला पूर्ण अहवाल फुकट मिळतो, तो मागवून पाहावा. त्यात ३०० ते ९०० या दरम्यान गुणांक असतो. तुरुंगवासाची नोंद त्यात नसते, फक्त कर्जाची असते. नजरचुकीने दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावावर दिसत असेल तर तक्रार करता येते. तडजोड करून कर्ज मिटविले तर अहवालात "तडजोड" अशीच नोंद होते व पुढील कर्जास ती अडसर ठरते. म्हणून जमत असेल तर पूर्ण फेड करावी आणि बेबाकी दाखला घ्यावा.

पूर्वी कारखान्यात नोकरी असेल तर तेथील भविष्य निर्वाह निधीची चौकशी करावी. विमा पॉलिसी बंद पडली असेल तर ती कोणत्या मुदतीत पुनरुज्जीवित करता येते, हे पॉलिसीच्या अटींत पाहावे. गहाण दागिन्याच्या लिलावाची नोटीस घरी येऊन पडली आहे का, हेही घरच्यांना विचारावे.

सावकाराचे गणित

सुटून आलेल्या माणसाच्या दारी पहिल्यांदा कोण येते? सावकार येतो. तो कागद मागत नाही, रांगेत उभे करीत नाही, कुठे होतात म्हणून विचारत नाही. त्याच्या या सौजन्याची किंमत पाहा.

"शेकडा दहा" म्हणजे महिन्याला दहा, वर्षाला एकशे वीस टक्के. दुसरा प्रकार रोजच्या वसुलीचा. हातात साडेआठ हजार द्यावयाचे आणि रोज शंभर याप्रमाणे शंभर दिवसांत दहा हजार वसूल करावयाचे. ऐकावयास दीड हजारच जास्त वाटतात. परंतु पहिल्या दिवसापासून मुद्दल परत जात असल्याने वापरावयास मिळणारी रक्कम रोज घटत जाते आणि वर्षाचा दर शंभर टक्क्यांच्या वर जातो. याउलट महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ साली येरवडा कारागृहात बंद्यांसाठी "जिव्हाळा" ही कर्जयोजना सुरू केली, तीत पन्नास हजारांपर्यंतचे कर्ज वर्षाला सात टक्के दराने देण्याचे ठरले. पन्नास हजारांवर वर्षाचे व्याज जास्तीत जास्त साडेतीन हजार. सावकाराकडे तेवढ्याच रकमेवर महिन्याला पाच हजार.

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ अन्वये परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. परवानाधारक सावकारालाही मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या तालुका अथवा जिल्हा निबंधक कार्यालयात करता येते. वर सांगितलेल्या गृहस्थांसाठी आम्ही असा अर्ज लिहून दिला. चौकशीची नोटीस निघाल्यावर सावकाराने गाडी परत केली व राहिलेल्या रकमेची तडजोड झाली. खात्यातील सहा हजार तर दोनच दिवसांत हाती आले होते. आज ते पुन्हा बाजारात गाडी लावतात. मुलीचे बुडालेले वर्ष मात्र आम्हांला परत देता आले नाही.

नवे उत्पन्न

नोकरीच्या अर्जात गुन्ह्याविषयी विचारले असेल तर खरे लिहावे. माहिती दडविणे हे स्वतंत्र कारण धरून नेमणूक रद्द होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ सालच्या निकालावरून स्पष्ट आहे. त्याच निकालानुसार गुन्ह्याचे स्वरूप व निर्दोष सुटका यांचा विचार मालकाने करावयाचा असतो. आत सुतारकाम, विणकाम, शिवणकाम, बेकरी यांपैकी काही शिकला असाल तर त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे.

शहरात फेरी अथवा हातगाडीचा व्यवसाय करणाऱ्यांसाठी २०२० पासून पंतप्रधान स्वनिधी योजना आहे. २०२५ च्या फेररचनेनंतर पहिले कर्ज पंधरा हजार, ते फेडल्यावर पंचवीस हजार व नंतर पन्नास हजार अशा पायऱ्या आहेत. त्यासाठी पालिकेचे विक्रेता प्रमाणपत्र अथवा शिफारसपत्र लागते. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून काम करीत आहे. त्याच्या जिल्हा कार्यालयात चालू योजना विचाराव्यात. मुक्त बंद्यांच्या पुनर्वसनासाठी जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्यास भेटावे.

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत आहे. औंध संस्थानच्या काळात १९३९ साली ती स्थापन झाली. तेथे बंदी कुटुंबासह राहून शेती करतात. "दो आँखें बारह हाथ" या १९५७ सालच्या चित्रपटामागे हाच प्रयोग होता. माणसाच्या हाती काम आणि विश्वास दिला तर तो जबाबदारीने राहतो, ही गोष्ट आपल्या महाराष्ट्राने फार पूर्वी करून दाखविलेली आहे.

महिन्याचा हिशेब

समजा, महिना बारा हजार रुपये मिळू लागले. तर भाडे तीन हजार, किराणा चार हजार, वीज व गॅस बाराशे, मुलांचे शिक्षण आठशे, प्रवास व न्यायालयाची तारीख एक हजार, जुने देणे दीड हजार आणि बचत पाचशे, अशी मांडणी होऊ शकते. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने उत्पन्नाचे चार भाग करावेत, एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी व चौथा आपत्काळासाठी राखावा, असा उपदेश आहे. बारा हजारांत ते प्रमाण जमणार नाही, हे उघड आहे. परंतु चौथा भाग अजिबात सोडू नये, तो पाचशेचा का असेना. एका आजारपणापायी माणूस पुन्हा सावकाराच्या दारी जातो, ते या पाचशेमुळे टळते. वर्षाला वीस रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देणारी सुरक्षा विमा योजनाही खात्याला जोडून घ्यावी.

हिशेब पती-पत्नी दोघांनी मिळून लिहावा. तो आत असताना घर तिने चालविलेले असते. कोणाचे किती देणे आहे, कोणत्या दुकानात उधारी मिळते, हे तिला ठाऊक असते. बाहेर येताच सर्व कारभार तिच्या हातून काढून घेणारे पुष्कळ पुरुष आम्ही पाहिले आहेत. ते स्वतःचेच नुकसान करून घेतात.

संस्थेने काय करावे

प्रत्येक गोष्ट त्या एकट्याने करावी असे म्हणून चालणार नाही. आपल्या सभासदांत बँक कर्मचारी, शिक्षक, वकील, तलाठी आहेत. महिन्यातील एका रविवारी दोन तास विहारात बसून अर्ज लिहून देणे आपल्याला अवघड नाही. जे अजून आत आहेत त्यांच्यासाठीही काम आहे. केंद्र शासनाच्या २०२३ च्या योजनेत पैशाअभावी अडकलेल्या गरीब न्यायाधीन बंद्यास जामिनासाठी व शिक्षाबंद्यास दंड भरण्यासाठी पंचवीस हजारांपर्यंत साहाय्य मिळू शकते. अटकेतील व्यक्तीस तसेच अनुसूचित जातीच्या व्यक्तीस १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा दूरध्वनी क्रमांक आहे. ही माहिती ज्या घराला हवी असते त्या घरापर्यंत ती पोहोचत नाही. ती पोहोचविणे हे आपले काम आहे.

आणि हे करताना एक पथ्य पाळावे. "होतात कुठे?" हा प्रश्न विचारू नये. "काय अडले आहे?" असे विचारावे. आम्ही हा धडा उशिरा शिकलो. आपण तो आजच शिकावा, एवढीच विनंती.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. महिना शेकडा पाच दराने घेतलेल्या पंधरा हजार रुपयांवर आठ महिन्यांत किती व्याज होईल? तीच रक्कम वर्षाला दहा टक्के दराने घेतली तर किती?
२. आपल्या घरातील सर्व बँक खाती चालू आहेत का? शेवटचा व्यवहार कधी झाला, ते पासबुकात पाहून लिहा.
३. आपल्या घराचा एका महिन्याचा जमाखर्च आईवडिलांसह बसून मांडा. चौथा भाग किती उरतो?
४. आपल्या तालुक्यातील सहकार निबंधक कार्यालय व विधी सेवा समिती कोठे आहे, ते शोधून वस्तीच्या फलकावर लिहा.